रात्री पावणेदोनला लेकानं मला फ्री किक शिकवली. तुमच्या घरी खेळानं काय केलं?

अबोली
१५ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:५०

८ एप्रिलची रात्र. खरं तर ९ तारीख लागली होती. पाणी प्यायला उठले तर बाहेरच्या खोलीत टीव्हीचा उजेड. लेक (वय १४, तेव्हा आठवीत) सोफ्याला पाठ टेकून जमिनीवर बसलेला, आवाज पूर्ण बंद आणि समोर फुटबॉल. वार्षिक परीक्षा चार दिवसांवर आलेली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि त्यानं माझ्याकडे न बघताच हात वर केला. 'आई, एक मिनिट. फ्री किक आहे.'

मी थांबले. कदाचित त्याच्या आवाजात जो जीव होता तो मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता म्हणून. वर्षभर आमच्या घरात 'हो', 'नको', 'जेवलो', 'माहीत नाही' एवढंच संभाषण चालू होतं. दार बंद, कानात हेडफोन.

सामना आर्सेनल आणि रेआल माद्रिदचा होता. मला तेव्हा दोन्ही नावं सारखीच. मी विचारलं, 'तो एक जण त्या उभ्या खेळाडूंच्या भिंतीमागे झोपलाय का? लागलंय का त्याला?' लेक हसला आणि म्हणाला, 'लागलं नाही गं. भिंतीतले सगळे उडी मारतात ना, मग त्यांच्या पायाखालून चेंडू जाऊ शकतो. ती फट बुजवायला तो झोपतो.' तेवढ्यात डेक्लन राइसनं चेंडू भिंतीच्या कडेनं वळवून जाळ्यात घातला. लेकानं ओरडू नये म्हणून स्वतःच्या तोंडावर उशी दाबली. 'आई, त्यानं आजवर थेट फ्री किकवर एकही गोल केला नव्हता! एकही नाही!' बारा मिनिटांनी राइसनं दुसरा मारला, तसाच, थेट. तोवर मीही जमिनीवर बसले होते. ३-० झालं. दोन वाजून गेल्यावर आम्ही झोपलो.

त्या रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. घरात सगळ्या बाबतीत मी जाणती आणि तो शिकणारा. अभ्यास, जेवण, पैसे, कपडे, कुठे कधी जायचं, सगळं मी सांगणार. या एकाच जागी तो जाणता आणि मी अडाणी. आणि काय सांगू, तो फार चांगला शिकवतो. अपूर्णांक शिकवताना मी त्याच्यावर जितकी चिडले होते, त्याच्या निम्म्यानंही तो ऑफसाइड शिकवताना माझ्यावर चिडला नाही. चार वेळा विचारलं, चारही वेळा टेबलावर डाळीचे डबे मांडून दाखवलं.

मला वाटतं खेळ आईबापांना आणि मुलांना जोडतो तो इथे. एकत्र टाळ्या वाजवल्यानं नाही, मुलाला आपल्याला काहीतरी द्यायला मिळतं म्हणून. तुमचे अनुभव वाचायला आवडतील. मोठ्यांचेही आणि जे कधीकाळी मुलं होते त्यांचेही.

सहावी_गल्ली
१५ नोव्हेंबर, रात्री ११:३५

डब्यांचं वाचून एकदम १९९८ आठवलं. आम्ही डोंबिवलीच्या चाळीत राहायचो. बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर. त्यांचा जीव कबड्डीत, क्रिकेट म्हणजे त्यांच्या लेखी दिवस वाया घालवायचा उद्योग. मी अकरा वर्षांचा.

२२ एप्रिल, शारजा, ऑस्ट्रेलियाच्या २८४. आपण खेळत असताना वाळूचं वादळ आलं आणि खेळ थांबला. परत सुरू झाला तेव्हा चार षटकं कापलेली, जिंकायला ४६ षटकांत २७६. पण अंतिम सामन्यात जायला फक्त २३७ पुरे होत्या, कारण न्यूझीलंडपेक्षा आपली धावगती वर राहणार होती. हे चाळीत कुणालाच नीट कळत नव्हतं. मी कॅलेंडरच्या मार्च महिन्याच्या पानामागे पेन्सिलीनं भागाकार मांडला. बाबा पाळीवरून आले होते, चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, पान हातात घेतलं आणि खालून वर एकेक ओळ तपासत गेले. कारखान्यात मापं तपासायची सवय. मग म्हणाले, 'बरोबर आहे. परत सांग, हरून पुढं कसं जायचं?'

सचिननं १४३ काढल्या. आपण २६ धावांनी हरलो आणि तरी आख्खी चाळ नाचली. आमच्या मजल्यावर प्रत्येक दाराशी जाऊन बाबा सांगत होते, 'माझ्या पोरानं आधीच हिशेब मांडला होता.' दोन दिवसांनी अंतिम सामना, सचिनचा पंचविसावा वाढदिवस, १३४, आणि तो सामना आपण जिंकलो. पण मला जास्त आठवतं ते त्यानंतरचं. रेशन आणलं की बाबा पावती माझ्या हातात द्यायला लागले. 'बघ रे, बरोबर लावलंय का.' पुढे बँकेचं पासबुकही. मी आज हिशेबाच्याच कामात आहे. ते पान आईनं अजून कपाटातल्या कागदाखाली ठेवलंय.

पंचगंगा_घाट
१६ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

अबोलीताई, धागा वाचला आणि राहवेना. आम्ही कोल्हापूरचे. बाहेरच्यांना वाटतं कोल्हापूर म्हणजे कुस्ती. कुस्ती आहेच, खासबागचं मैदान शाहू महाराजांनी दिलेलं, त्याची शपथ. पण आमच्या पेठांतली रोजची भांडणं आणि रोजचा जिव्हाळा फुटबॉलचा. तालमी कुस्तीच्या, आणि संघ त्याच तालमींच्या नावाचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. सामना असला की दुपारपासून शाहू स्टेडियमकडे गाड्यांची रांग.

आमचं घर पाटाकडीलचं. आईचं माहेर शिवाजी तरुण मंडळाचं. आता काय बोलायचं! मामा आणि वडील वर्षभर एका ताटात जेवणारे, पण या दोन संघांचा सामना असला की आठवडाभर एकमेकांच्या दारात पाय ठेवायचे नाहीत. मी सात वर्षांचा असताना वडिलांनी मला खांद्यावर घेऊन सामन्याला नेलं. आमचा संघ हरला. बाहेर पडताना मला रडू आलं. वडील काही बोलले नाहीत, सरळ मामाच्या घरी गेले, बेल वाजवली आणि म्हणाले, 'भाच्याला घेऊन आलोय. तुमचा सात नंबरचा चांगला खेळला, ते सांगायला.' मामीनं मटण वाढलं. हरल्यावर समोरच्याच्या दारात जाऊन त्याचं कौतुक करायचं असतं, हे मला त्या रात्री कळलं. वडिलांनी तोंडानं कधी सांगितलं नाही.

आता माझा पोरगा अकरावीत आहे. वडील ब्राझीलवाले, १९८२च्या संघावर जीव. पोरगा मेस्सीचा. २०२२चा विश्वचषक चालू होता तेव्हा गल्लीत केवढे मोठे कटआउट लागले होते. अंतिम सामन्याला तिघं एका पलंगावर. ३-३, एम्बाप्पेचे तीन, आणि जादा वेळेच्या अगदी शेवटाला मार्टिनेझनं पाय लांबवून अडवलेला तो फटका. म्हातारा ब्राझीलवाला नातवाच्या गळ्यात पडून रडला. वडिलांना मी आयुष्यात दोनदाच रडताना बघितलंय, त्यातलं एक ते.

मांडवीतीर
१६ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

पंचगंगा, गोव्यातही अगदी हेच! आमच्या घरी पप्पा धेंपोचे आणि आई वास्कोची, म्हणून साळगावकरची. फातोर्ड्याला दोघं एकाच स्कूटरवरून जायची आणि वेगवेगळ्या बाजूला बसायची. मी मध्यंतरापर्यंत आईकडे, नंतर पप्पांकडे. दोन्हीकडचे चणे खायला मिळायचे. पप्पा गेल्यावर आई पहिल्यांदा सामन्याला गेली ती धेंपोच्या बाजूला बसली.

कोरी_पाटी
१६ नोव्हेंबर, दुपारी २:०५

सगळं वाचून छान वाटलं, पण मला दुसरी बाजू लिहायची आहे. राग नको.

माझ्या वडिलांना क्रिकेट खेळता आलं नाही, घरची परिस्थिती नव्हती. म्हणून मी खेळायचं असं ठरलं. सातव्या वर्षापासून पहाटे पाचला उठून नेट्स. शाळेआधी दोन तास, शाळेनंतर दोन तास. प्रशिक्षकांचं नाव मोठं होतं, ते इथे लिहीत नाही. वाईट कुणीच नव्हतं. पण सामना संपला की मैदानाच्या कडेला वडील उभे असायचे आणि पॅड सोडायच्या आधी विचारायचे, 'किती केल्या?' खरं तर त्यांनी प्रत्येक चेंडू बघितलेला असायचा. कमी केल्या असल्या की स्कूटरवरून घरी येईपर्यंत एक शब्द नाही. चाळीस मिनिटं त्यांच्या पाठीकडे बघत बसायचं. त्यांच्या शर्टावरच्या उभ्या रेघा मला आजही मोजता येतील. अजूनही कुणी गप्प बसलं की माझ्या पोटात तोच गोळा येतो.

सोळाव्या वर्षी मी किट माळ्यावर टाकलं. वडील आणि मी आजही बोलतो, औषधं, लाइटबिल, पाऊस याबद्दल. क्रिकेट लागलं असेल तर दोघांपैकी एक जण उठून आत जातो.

मला नऊ वर्षांची मुलगी आहे. ती कुठला खेळ खेळते म्हणाली की माझे हात गार पडतात. म्हणून विचारतो, जोडतो कधी आणि तोडतो कधी, हे कळायचं कसं?

अबोली
१६ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

कोरी_पाटी, राग कसला. तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी शाळेत असताना तुमच्या वडिलांसारखीच एक बाई मलाही भेटली होती, पण ते नंतर लिहीन. तुमच्या प्रश्नाला उत्तर देण्याइतकी मी शहाणी नाही. बुद्धिबळवाले किंवा पोहण्याचे पालक इथे आहेत, त्यांना जास्त कळेल.

संत्रा_बर्फी
१६ नोव्हेंबर, रात्री ८:१५

बुद्धिबळवाली मी. नागपूर. मुलगा बारा वर्षांचा, पाच वर्षं स्पर्धा खेळतोय. मला स्वतःला घोडा कसा चालतो याच्या पुढे काही येत नाही.

कोरी_पाटी दादा, स्पर्धेत आईबापांना खेळाच्या हॉलमध्ये बसू देत नाहीत. दार बंद होतं आणि आम्ही बाहेर. तीन तास, कधी चार तास. गॅलरीत, जिन्यात, झाडाखाली, सतरंजी टाकून. पोरं एकेक करून बाहेर येतात. दारातून पाय बाहेर पडताच चेहऱ्यावरून कळतं. आणि मी तिथे बघितलंय, काही जण पोराच्या हातातून डाव लिहिलेला कागद ओढून घेतात, तिथेच फोनवर टाकतात, मशिनला विचारतात कुठे चुकला. पोरगं बाजूला उभं, अजून डोळे पुसलेले नाहीत. एकदा मीही हेच केलं होतं. त्या दिवशी माझा मुलगा म्हणाला, 'आई, आधी मला घे ना.' बस. तेवढंच म्हणाला.

त्यानंतर नियम केला. बाहेर आला की पहिला प्रश्न, 'भूक लागली का?' डब्यात तर्री-पोहे नाहीतर पराठा. खाऊन होईस्तोवर डावाचं नाव नाही. मग तोच सुरू करतो. कधी तासाभरानं, कधी रात्री झोपताना अंधारात. जिंकला की लगेच सांगतो, हरला की अंधारात. तो सांगतो आणि मी ऐकते. अर्ध्याहून जास्त कळत नाही, पण कुठे त्याचा आवाज हळू होतो ते कळतं.

जुलैत आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. १९ वर्षांची पोर, समोर कोनेरू हंपी, आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. जिंकल्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडली, ते सगळ्यांनी बघितलं. आणि हंपीला तर वडिलांनीच शिकवलं, लेकीसाठी नोकरी सोडली त्यांनी. म्हणजे बापानं शिकवलं की वाईटच होतं असं नाही. तुमच्या वडिलांनीही बहुतेक प्रेमानंच केलं असेल. पण त्या चाळीस मिनिटांत तुम्हाला आधी जवळ घ्यायला पाहिजे होतं, हे मी त्यांच्या जागी बसून म्हणते.

सहावी_गल्ली
१६ नोव्हेंबर, रात्री ८:४०

'आधी मला घे ना.' काय बोलावं. हे वाचून दहा मिनिटं नुसता बसून होतो.

दूरदेशी
१७ नोव्हेंबर, पहाटे ५:०२

इथे न्यू जर्सीत आत्ता संध्याकाळ आहे. आमच्याकडे प्रश्न वेगळाच होता, मुलगा कुणाच्या बाजूनं?

१२ जून २०२४, टी-२० विश्वचषक, न्यूयॉर्कजवळच्या त्या तात्पुरत्या उभारलेल्या मैदानावर भारत विरुद्ध अमेरिका. मी भारताच्या निळ्या शर्टात. अकरा वर्षांच्या लेकानं अमेरिकेचा शर्ट घातलेला. ठाण्याहून आलेली माझी आई मध्ये बसलेली, दोघांकडे आळीपाळीनं बघत. खरं सांगतो, गाडीत बसताना मला दुखलं होतं. इतकी वर्षं रविवारची मराठी शाळा, गणपती, सगळं केलं आणि हा शेवटी पलीकडे जाऊन बसला असं वाटलं.

अमेरिकेच्या ११०. आपण खेळायला आलो आणि सौरभ नेत्रावळकरनं कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केलं. मग रोहितलाही. माझ्या भोवतीचे निळे शर्ट सुन्न. लेक उभा राहून उड्या मारत होता. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, 'बाबा, हे आपल्यासारखं नाव आहे ना? शेवटी कर?'

आमचंही आडनाव 'कर'नं संपतं. इथल्या शाळेत हजेरी घेताना दर वर्षी नवीन बाई अडखळतात, मुलं हसतात, आणि हा गेली दोन वर्षं 'मला फक्त पहिल्या नावानं हाक मारा' असं सांगत होता. हे मला माहीतच नव्हतं, तिथे त्या बाकावर बसून त्यानं आजीला सांगितलं. आईनं त्याला समजावलं, नेत्रावळी गावाचे ते नेत्रावळकर. आपलं कुठल्या गावावरून आलं तेही सांगितलं. सौरभ मुंबईत वाढला, भारताकडून १९ वर्षांखालचा विश्वचषक खेळला आणि आता इथला झाला, हे मी सांगितलं. आपण सामना जिंकला. परत येताना तो गाडीत मोठ्यानं स्वतःचं पूर्ण नाव म्हणत होता, वडिलांच्या नावासकट.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली तेव्हा त्यानं बाईंना आडनावाचा उच्चार फोड करून शिकवला. अबोली, तुमचं म्हणणं पटलं. तो पलीकडे गेला नव्हता, मला तिकडचं काहीतरी आणून देत होता.

नेरूळ_पूर्व
१७ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मला पंधरा दिवसांपूर्वीचं लिहायचंच होतं. धागा योग्य वेळी आला.

आम्ही डी. वाय. पाटील मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. लेक सहावीत. क्रिकेटचं वेड तिचं, माझं नाही, मी तिच्यामुळे बघायला लागलो. ३० ऑक्टोबरला महिलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना, ऑस्ट्रेलियाच्या ३३८. घरी टीव्हीवर बघितला. जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ केल्या. पन्नास झाल्या तरी बॅट वर केली नाही, शंभर झाल्या तरी नाही. लेकीला प्रश्न पडला, 'बाबा, ती आनंदी का होत नाहीये?' जिंकल्यावर मात्र ती मैदानातच रडली.

मग जेमिमा बोलली. या स्पर्धेत आपण आतून किती घाबरलेलो असायचो, आईला फोन करून कसं रडायचो, मधल्या एका सामन्यात संघाबाहेर बसवलं तेव्हा काय वाटलं, सगळं. इतक्या मोठ्या खेळाडूनं कॅमेऱ्यासमोर हे सांगितलेलं मी तरी पूर्वी ऐकलं नव्हतं. मी लेकीकडे बघितलं तर ती टीव्हीकडे बघतच म्हणाली, 'मलाही शाळेत तसं होतं.'

मी टीव्ही बंद केला नाही. बंद केला असता तर ती गप्प झाली असती असं वाटलं. मीही टीव्हीकडेच बघत विचारलं, 'कधी होतं?' म्हणाली, सोमवारी सकाळी. व्हॅन यायच्या आधी. पोटात दुखतं म्हणते ना मी, ते दुखणं नसतं. आम्ही तिला दोनदा पोटाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं. सोनोग्राफीसुद्धा केली होती.

त्या रात्री बायको, मी आणि ती खूप वेळ जागे होतो. शाळेत काय चाललंय ते कळलं. शाळेशी बोललो, आता एका समुपदेशक ताईंकडे जातो.

२ नोव्हेंबरचं अंतिम सामन्याचं तिकीट कसंबसं मिळालं. पावसानं सामना दोन तास उशिरा सुरू झाला. आमच्या रांगेत प्लास्टिक डोक्यावर धरून आज्या बसल्या होत्या, अकादमीच्या मुली होत्या, एक बाई तान्हं बाळ घेऊन आली होती. शफालीच्या ८७, दीप्तीच्या ५८ आणि मग तिचेच पाच बळी. शेवटचा झेल हरमनप्रीतनं मागे धावत जाऊन घेतला तेव्हा बारा वाजून गेले होते. लेक माझ्या खांद्यावर चढून बसली. अकरा वर्षांची आहे, वजन बरंच आहे, पण उतरवावंसं वाटलं नाही. घरी चालत आलो, रस्ताभर माणसं, झेंडे, ढोल. ती म्हणाली, 'उद्या सोमवार आहे.' मी म्हटलं, हो. ती म्हणाली, 'व्हॅन नको, तू सोड.' सोडलं. गेटशी एकदा थांबली, मग आत गेली.

पंचगंगा_घाट
१७ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

दादा, पोरीला आमच्या आख्ख्या तालमीकडून आशीर्वाद सांगा. आणि तुम्ही टीव्ही बंद केला नाही ते लाख मोलाचं केलंत. समोर काहीतरी चालू असलं की तोंड उघडतं. आमच्या वडिलांना कर्ज झाल्याचं मला सामन्याच्या मध्यंतरात कळलं होतं.

अबोली
२१ नोव्हेंबर, रात्री ९:३०

परत आले. माझं राहिलेलं लिहिते.

मी सातवी ते दहावी खो-खो खेळले. जिल्ह्यापर्यंत गेले. दहावीत आमच्या शाळेत एक बाई होत्या, त्या एका हरलेल्या सामन्यानंतर सगळ्यांसमोर जे बोलल्या ते मी इथेही लिहिणार नाही. त्यानंतर मैदानावर गेले नाही आणि घरात कधी विषय काढला नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, नवऱ्यालाही 'शाळेत खेळायची' एवढंच माहीत. या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुली प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली नेपाळला ७८-४० नं हरवून जिंकल्या. तो सामना मी एकटीनं बघितला, स्वयंपाकघरात, फोनवर, भाजी निवडत. लेक शेजारच्या खोलीत होता आणि मी त्याला हाक मारली नाही.

कोरी_पाटींचा प्रतिसाद वाचल्यावर मला जाणवलं की सात महिने लेक मला त्याचा खेळ शिकवतोय आणि मी माझा लपवून ठेवलाय. रविवारी त्याला सगळं सांगितलं. त्या बाईंचंही सांगितलं. तो ऐकून म्हणाला, 'मग दाखव ना.'

सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत खडूनं आठ चौरस आखले. दोन टोकांना खांबाऐवजी वॉचमन काकांच्या खुर्च्या. त्याचे मित्र आणि खालच्या मजल्यावरच्या मुली आल्या. लेकाला वाटत होतं पळापळीचा खेळ आहे, सोपा असेल. मी त्याला पहिल्याच मिनिटात सांगितलं, पाठीला हात लागला पाहिजे आणि 'खो' मोठ्यानं आला पाहिजे, नाहीतर खो चुकला. आणि तोंड वळलं त्याच दिशेनं धावायचं, मागे फिरायचं नाही. त्याला ते जमेना. फुटबॉलमध्ये हवं तेव्हा वळता येतं. सतत मागे फिरायचा आणि मुली 'फाउल' ओरडायच्या.

मग मी धावक म्हणून उतरले. एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी धावायचं. वय ४४, पहिल्या दोन वळणांत दम लागला, पण पायांना वाट आठवत होती. लेक मागे लागला. त्याच्या हाताची बोटं माझ्या ओढणीला लागली तेव्हा मी खांद्यानं डावीकडची हूल दिली आणि उजवीकडून गेले. तो डावीकडे गेला आणि पडला. उठला तेव्हा गुडघा सोललेला, आणि माझ्याकडे असा बघत होता जसं मला पहिल्यांदाच बघतोय. 'आई, हे काय केलंस? परत कर. हळू कर.'

तीन वेळा हळू करून दाखवलं. चौथ्यांदा त्यानं मलाच हूल दिली.

संत्रा_बर्फी
२१ नोव्हेंबर, रात्री १०:०५

अबोली, डोळे भरून आले वाचून. पुढच्या सुट्टीत नागपूरला या, आमच्या इथल्या बायकांचा संघ उभा करते.

कोरी_पाटी
२३ नोव्हेंबर, रात्री ९:१०

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, त्याचं काय करू असं झालं होतं. एक छोटी गोष्ट घडली ती सांगतो.

माझ्या मुलीला शाळेत कॅरम आवडायला लागलाय. दिवाळीत बोर्ड घेऊन दिला होता. आज आम्ही वडिलांकडे गेलो तेव्हा ती बोर्ड घेऊन चला म्हणाली. मी नको म्हणत होतो. वडील आता ७४ वर्षांचे आहेत. ते आरामखुर्चीत बसून बघत होते. ती आणि मी खेळत होतो. राणी घेतली आणि कव्हर चुकलं तिचं. माझी मान आपोआप वडिलांकडे वळली. किती झाले विचारतील असं वाटलं.

ते खुर्चीतून उठले, बोर्डापाशी पाटावर बसले. तिला म्हणाले, 'पावडर जास्त झालीय बाळा, सोंगटी घसरते.' खिशातला रुमाल काढून त्यांनी बोर्ड पुसला, चारही कोपरे, हळूहळू. मग बोरिकची चिमूट हातावर घेऊन मला म्हणाले, 'एवढीच ना रे?'

मी म्हटलं, हो बाबा, एवढीच.

तासभर खेळलो तिघं. ते चांगलं खेळतात. मला माहीत नव्हतं. निघताना बोर्ड त्यांच्याकडेच ठेवला, ती म्हणाली दर रविवारी येऊ.

सहावी_गल्ली
२३ नोव्हेंबर, रात्री ९:२५

🙏

अबोली
२३ नोव्हेंबर, रात्री ११:००

कोरी_पाटी, रविवारी संध्याकाळी इथे येऊन लिहीत जा. आम्ही वाट बघू.

आमच्याकडे सध्या वेगळीच चर्चा. बुधवारी रात्री आर्सेनल-बायर्न आहे. तिकडची घड्याळं मागे गेल्यामुळे आता साडेबाराचे दीड झालेत, आणि गुरुवारी नववीची विज्ञानाची चाचणी. लेक म्हणतोय, बुधवारी दुपारी झोपून घेतो आणि धडा मंगळवारीच संपवतो. मी विचार करून सांगते म्हटलंय. नवरा म्हणतो दोघांपैकी कुणीही जागू नका. अजून ठरलेलं नाही.